गिळलेली कॅप्सूल पोटात पुढे कशी सरकते? वॉल्टर कॅनन यांची गोष्ट

जुहू चौपाटीवर खाल्लेली पावभाजी घशाखाली उतरली की पुढचं काम आपल्या हातात नसतं. अन्ननलिका आणि आतड्यांचे स्नायू लाटेसारखे आवळत तिला पुढे ढकलतात. कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळली तरी तेच होतं. साधारण २६ मिलिमीटर लांबीच्या या कॅप्सूलमध्ये बॅटरी, दिवे, कॅमेरा सगळं असतं, फक्त इंजिन नसतं!

ही ढकलाढकली जिवंत शरीरात सुरुवातीला ज्यांनी पाहिली, त्यांत एक होते वॉल्टर कॅनन.

कॅनन यांचा जन्म १८७१ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात झाला. १८९६ मध्ये ते हार्वर्डला डॉक्टरकी शिकायला लागले. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. प्राध्यापक बाउडिच यांनी सुचवलं, की या किरणांनी गिळण्याची क्रिया पाहा. कॅनन यांनी एका हंसाला बिस्मथ भरलेल्या कॅप्सूल खायला दिल्या. बिस्मथमधून क्ष-किरण सहज जात नाहीत, त्यामुळे पडद्यावर कॅप्सूलची सावली मानेतून खाली सरकताना दिसली. म्हणजे आजच्या कॅप्सूलची पणजीच म्हणा ना!

मग त्यांनी मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न दिलं. तेव्हा एक भलतीच गोष्ट लक्षात आली. मांजर चिडलं किंवा घाबरलं की जठराची हालचाल थांबायची. याच धाग्यावरून पुढे त्यांनी संकटात शरीर लढायला किंवा पळायला कसं तयार होतं, हे मांडलं. १९०६ ते १९४२ ते हार्वर्डमध्ये प्राध्यापक होते.

पण याची किंमत मोठी होती. तेव्हा क्ष-किरणांपासून पुरेसं संरक्षण कुणी घेत नसे. कॅनन यांची त्वचा भाजली आणि पुढे कर्करोग झाला. १९४५ मध्ये ते गेले. या आजाराचं मूळ सुरुवातीच्या त्या प्रयोगांत होतं, असं मानलं जातं.

आजची कॅप्सूल साध्या एलईडीच्या उजेडात फोटो काढते आणि रेडिओ लहरींनी बाहेर पाठवते. फोटो काढायला क्ष-किरण लागत नाहीत. लहान आतड्यात ती स्नायूंच्या लाटांवरच पुढे जाते. जठर मात्र ऐसपैस असतं, तिथे ती नुसती लोळत राहते. म्हणून काही कॅप्सूलमध्ये चुंबक बसवतात आणि शरीराबाहेरच्या मोठ्या चुंबकाने तिला हवं तिकडे वळवतात. आतडं कुठे अरुंद झालं असेल तर कॅप्सूल अडकू शकते. त्यामुळे ती गिळण्याआधी डॉक्टरांना आपला जुना त्रास नक्की सांगा.