बाराव्या दिवसाची वाट

लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. आठवा महिना लागलाय. घरात सध्या दुसरा विषयच नाही. सकाळी बाळ हललं का, दुपारी पायावर सूज तर नाही ना, संध्याकाळी काय खावंसं वाटतंय, एवढ्याभोवतीच आमचा दिवस फिरतो. सातव्यात तिच्या सासरी डोहाळजेवण झालं. वाटीखाली पेढा निघाला की बर्फी, यावरून हसून झालं. आता दुपारची जेवणं आटोपली की आम्ही दोघी जुनं मऊ सुती पातळ फाडून दुपटी शिवत बसतो. सासूबाई पलंगावरून देखरेख करतात. टाका आत दडला पाहिजे, बाळाच्या अंगाला दोरा टोचता कामा नये, असा त्यांचा हुकूम.

परवा अशीच दुपार होती. लेकीच्या हातात वाचनालयातून आणलेलं डॉक्टर आनंदीबाई जोशींचं चरित्र होतं. सासूबाईंनी नाव ऐकलं आणि मला डोळ्यांनी खुणावलं, हे आत्ता नको. मी समजले. आनंदीबाईंचं पहिलं बाळ दहा दिवसांत गेलं होतं, आणि पोटुशीनं असलं काही वाचू नये, ही आपली जुनी समजूत. पण लेक हट्टाला पेटली. शाळेत असताना तिनं आनंदीबाईंवर भाषण केलं होतं. परदेशात जाऊन डॉक्टर झाल्या, एवढं पाठ होतं. त्या आई झाल्या होत्या, हे मात्र तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग मीच पुस्तक हातात घेतलं आणि टाके घालता घालता सांगत गेले. मैत्रिणींनो, तेच आज तुम्हालाही सांगते.

आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना. जन्म 31 मार्च 1865 चा, माहेर कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात नोकरीला. बिजवर आणि तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठे. गोपाळरावांची लग्नाआधीच अट होती, बायकोला मी शिकवणार. त्या काळात ही अट म्हणजे वेडेपणाच. बाईनं पुस्तक हातात घेतलं तर घर बुडतं, असं मानणारे लोक सगळीकडे होते. यमुनेची आनंदी झाली आणि पाटीवरची अक्षरं गिरवायला लागली.

आपण गोपाळरावांना लगेच देवमाणूस करून टाकतो. मला मात्र ते तेवढं सोपं वाटत नाही. त्यांनी बायकोला शिकवलं, हे खरं. अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरात रमली म्हणून तिला मारलं, हेही खरं. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्या माराची आठवण त्यांना स्वतःच करून दिली आहे. दहा वर्षांची पोर लाकडाच्या तुकड्यांनी मार खात होती, पुढे तिच्या अंगावर खुर्च्याही फेकल्या गेल्या. बाकीच्या घरांत बायकोनं स्वयंपाक केला नाही म्हणून मार बसायचा, या घरात केला म्हणून. तिला काय हवंय, हे मात्र दोन्हीकडे कुणी विचारत नव्हतं.

अशातच तिला दिवस गेले. वय चौदाच्या आत. त्या काळच्या कायद्याला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. बायकोचं वय दहाच्या वर असलं की कायदा गप्प. ही मर्यादा 1891 मध्ये बारापर्यंत आली, आणि तेवढ्यासाठीसुद्धा आपल्या पुण्यामुंबईत केवढा गदारोळ झाला होता.

मी शिवताना थांबले. चौदा वर्षांची म्हणजे आपल्याकडे आठवी-नववीतली मुलगी. केसांना रिबिनी बांधून सायकलवरून शाळेत जाणारी. तिच्या पोटात बाळ हललं असेल तेव्हा ती घाबरली असेल की हसली असेल? चिंचा खाव्याशा वाटल्या असतील तर कुणाजवळ बोलली असेल? तेव्हा सोनोग्राफी नाही, रक्ताची तपासणी नाही. सुईण, शेगडी आणि देवाचं नाव. पुरुष डॉक्टर असले तरी बाईनं त्यांना नाडी दाखवायची म्हणजे अब्रू गेली. बाई डॉक्टर तर आपल्या भागात औषधालाही नव्हती.

मुलगा झाला. दहा दिवस जगला. पुरेसे उपचार मिळालेच नाहीत.

इथं सासूबाईंनी तोंड उघडलं. इतका वेळ त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, मला वाटलं झोपल्या. त्या एवढंच म्हणाल्या की बारसं बाराव्या दिवशी असतं. पाचवी पुजली असेल, सटवाई येऊन कपाळी लिहून गेली असेल, पण बारावा दिवस उजाडलाच नाही. म्हणजे त्या पोराला नावसुद्धा मिळालं नाही. मी हे चरित्र याआधी दोनदा वाचलंय. हा हिशोब माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. सासूबाईंच्या कसा आला, हे मी विचारलं नाही. त्यांच्या पिढीत असे न उजाडलेले बारावे दिवस घरोघरी होते.

त्या काळात बाळ गेलं की दोन दिवस रडायचं आणि पुढच्याची वाट बघायची, अशीच रीत होती. आनंदीबाईंनी ती रीत पाळली नाही. त्यांच्या मनानं घेतलं की वेळेवर डॉक्टरी उपचार मिळाले असते तर हे टळलं असतं. आणि बाईला बाई डॉक्टर हवी असेल तर कुणीतरी पहिलं पाऊल टाकायला हवं. मला वाटतं, गोपाळराव शिकवतात म्हणून शिकणारी आनंदी इथं संपली. इथून पुढचं शिक्षण तिचं स्वतःचं.

गोपाळरावांच्या बदल्या होत होत्या. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता. नवऱ्याबरोबर रस्त्यानं चालते म्हणून लोक हसायचे. गोपाळरावांनी 1880 मध्ये एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली. धर्म बदलला तर बघू, असा सूर आला. या दोघांना ते मान्य नव्हतं. पण ते पत्र तिकडच्या एका मासिकात छापून आलं, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी ते वाचलं. कुठं? तर दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या असताना! चाळायला घेतलेल्या अंकातली ती कहाणी त्यांच्या मनात राहिली आणि त्यांनी ओळखपाळख नसलेल्या मुलीला पत्र धाडलं. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. सातासमुद्रापलीकडं अशी मावशी भेटावी, याला भाग्यच लागतं.

फेब्रुवारी 1883 मध्ये, अठराही पूर्ण नसताना, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई भर सभेत इंग्रजीतून बोलल्या. अमेरिकेला का जाते, एकटी का जाते, परत आल्यावर लोकांनी वाळीत टाकलं तर काय, अशा सगळ्या प्रश्नांना त्यांनी शांतपणे उत्तरं दिली. इथल्या बायकांना बाई डॉक्टरची गरज आहे, हा त्यांचा मुद्दा. हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही सांगून टाकलं. एप्रिलमध्ये नवऱ्याशिवाय त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तिथं मावशी न्यायला आली होती.

फिलाडेल्फियात बायकांसाठी 1850 पासून वैद्यकीचं कॉलेज होतं. तिथं प्रवेश मिळाला. थंडी हाडं गोठवणारी, अंगावर साडी, जेवण शाकाहारी, आणि प्रकृती आधीच नाजूक. 1885 मधला तिथला एक फोटो आहे. शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तीन देशांच्या तीन मुली आपापल्या देशी पोशाखात. आनंदीबाईंच्या चेहऱ्यावर हसू नाही, पण नजर सरळ समोर आहे.

आणि आता मुख्य गोष्ट. पदवीसाठी प्रबंध लिहायचा होता. विषय कुठलाही घेता आला असता. डोळे, हाडं, ताप, काहीही. त्यांनी विषय घेतला आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे गर्भार बाईची काळजी, बाळंतपण, आपल्याकडचं जुनं ज्ञान. लेकीचा हात हे ऐकून पोटावर गेला. मीही क्षणभर गप्प बसले. नाव न मिळालेलं ते दहा दिवसांचं बाळ आईबरोबर फिलाडेल्फियापर्यंत गेलं होतं.

11 मार्च 1886 रोजी त्यांना पदवी मिळाली. एकविसावं अजून पुरं व्हायचं होतं. तोवर गोपाळरावही अमेरिकेत पोचले होते. समारंभाला पंडिता रमाबाई आपल्या छोट्या मनोरमेला घेऊन हजर होत्या. व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदनाचा निरोप आला. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमणूकही झाली. आता फक्त परत यायचं आणि कामाला लागायचं.

पण क्षयानं शरीर पोखरलं होतं. 1886 च्या अखेरीस त्या आल्या त्या अंथरुणाला खिळलेल्या. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात त्या कधी गेल्याच नाहीत. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांनी डोळे मिटले. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिना राहिला होता. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी मावशीकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावात कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या ठेवल्या आहेत.

लेक म्हणाली, मग उपयोग काय झाला? एकाही बाईचं बाळंतपण त्यांना इथं करता आलं नाही. प्रश्न बरोबर आहे. पण वाट एकीनं पाडली की दुसरीचा पाय तिथंच पडतो. लहानपणी लावून दिलेलं लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि सुरत, राजकोटला त्यांनी कित्येक वर्षं बायकांवर उपचार केले. आज आमच्या तालुक्याच्या गावातसुद्धा बाई डॉक्टर आहे. लेक दर पंधरवड्याला फाईल घेऊन तिच्याकडे जाते आणि मनातल्या शंका बिनधास्त विचारते. हे काही आभाळातून पडलेलं नाही.

इथंच थांबले असते तर बरं दिसलं असतं. पण एक गोष्ट मनात सलतेय, ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

आमच्या महिला मंडळातर्फे आम्ही गावाबाहेरच्या वस्तीवर जातो. गरोदर बायकांची नावं नोंदवली का, लोहाच्या गोळ्या घेतात का, हे आशाताईंबरोबर बघतो. तिथं एक मुलगी आहे, तिलाही सातवा सरतोय. वय विचारलं की उत्तर सासू देते, अठरा पूर्ण म्हणून. ते खोटं आहे, हे मला माहीत आहे. कारण तिच्या लग्नात मी जेवून आले होते. आईवडील ओळखीचे, मुलीची जबाबदारी टळली म्हणून सुटकेचा श्वास टाकणारे. 1098 हा नंबर मला तोंडपाठ होता. बालविवाहाच्या कायद्यावर मी भाषणं देते. त्या दिवशी मात्र अक्षता टाकल्या, आहेर दिला आणि घरी आले. संबंध कशाला बिघडवा, असं मनाला समजावलं.

परवा रात्री झोप लागली नाही. आनंदीच्या लग्नाला जेवलेल्या सगळ्यांना मी दुपारी मनातल्या मनात नावं ठेवली होती. त्यांच्यात आणि माझ्यात फरक तो काय? त्यांना कायदा अडवत नव्हता. मला तर तो पाठ होता.

काल सकाळी वस्तीवर गेले. सासूची समजूत घातली, आशाताईंना बरोबर घेतलं आणि मुलीला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांपुढं तिचं खरं वय मी सांगितलं, आणि लग्नाच्या दिवशी मी गप्प बसले होते, हेही. लपवून तिचा जीव धोक्यात घालायचा नव्हता. आता पुढचे प्रश्न येतील, तिच्या घरचे माझ्याशी बोलणार नाहीत, तेही ठरलेलंच आहे. रक्त कमी निघालं. बाळ मात्र चांगलं आहे. येताना रिक्षात मी तिला विचारलं, काय खावंसं वाटतं गं? ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, कैरी. असं कुणी तिला विचारलंच नव्हतं.

आज दुपारी परत दुपटी शिवायला बसलो. लेकीनं न सांगता कापडाचे दोन गठ्ठे केले. सासूबाईंनी पेटीतून आपलं आणखी एक पातळ काढून दिलं. दोन बाळांची वाट बघायची आहे. दोघांचाही बारावा दिवस उजाडू दे, दोघांनाही नाव मिळू दे, एवढंच मागणं आहे. आणि पुढच्या लग्नसराईत कुणाच्या मांडवात जेवायला बसण्याआधी नवरीचं वय विचारायचं धाडस मला होऊ दे.