गोदूताई आणि तीन सीमांचा मुलूख

तलासरीहून उधव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरात तीन कारभारांचा मुलूख एकमेकांना भिडतो. अलीकडे महाराष्ट्र, वरच्या अंगाला गुजरात आणि पलीकडे दादरा-नगर हवेली. वाटेत भेटणारा वारली मात्र तिन्हीकडे एकच. त्याचा तारपा एक, हिरवा देव एक, आणि सोयरीकही या बाजूची त्या बाजूला. या डोंगरपट्टीवर पेशव्यांनी हक्क सांगितला, पोर्तुगीजांनी सांगितला, इंग्रजांनी सांगितला, पुढे दोन भाषिक राज्यांनीही सांगितला. पण इथे राबणाऱ्या माणसाचा हक्क कोणता, हा प्रश्न घेऊन एक पुणेरी वकीलकन्या इथे आली आणि आयुष्यभरासाठी इथलीच झाली. ती गोदावरी परुळेकर, सर्वांची गोदूताई.

१४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यातील सुखवस्तू गोखले घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील नामांकित वकील. मुलीनेही कायद्याची पदवी घेतली. सुखाचा संसार समोर असताना त्यांनी सत्याग्रहात तुरुंगवास पत्करला आणि भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. तिथेच शामराव परुळेकर भेटले. १९३९ मध्ये दोघांचा विवाह झाला आणि दोघेही कम्युनिस्ट चळवळीत गेले.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. तिथे आलेल्या वारल्यांनी आपली कहाणी सांगितली. सावकार-जमीनदारांची वेठ फुकट करायची, लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांपायी नवराबायकोने जन्मभर लग्नगडी म्हणून राबायचे, असा तो कारभार होता. २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असा निर्धार झाला. त्याच वर्षी गवतकापणीचा संप झाला. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, पाचजण ठार झाले. गोदूताईंच्या वाट्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपारी आली. सीमा म्हणजे काय, याचा हा त्यांचा पहिला अनुभव.

दुसरा अनुभव स्वातंत्र्यानंतरचा. आपला तुटलेला मुलूख परत मिळालाच पाहिजे, या आग्रहाला जगाच्या राजकारणात एक इटालियन नाव आहे, इरेडेंटिझम. एकोणिसाव्या शतकात इटली एक झाली, पण ट्रेंटो आणि ट्रिएस्ट ऑस्ट्रियाकडे राहिले. न सुटलेला इटली परत हवा, या मागणीतून तो शब्द आला. आपल्याकडे इंग्रज गेले, तरी दमण, गोवा आणि नगर हवेलीवर पोर्तुगालचा झेंडा फडकत होताच. त्यातही नगर हवेली पोर्तुगीजांना मिळाली होती ती मराठ्यांच्याच हातून. पोर्तुगीज जहाजाच्या नुकसानीची भरपाई म्हणून १७७९ च्या तहानुसार पेशव्यांनी १२ हजार रुपये उत्पन्नाची गावे लावून दिली, आणि १७८३ पासून तो अंमल सुरू झाला.

१९५४ च्या पावसाळ्यात हा अंमल कोसळला. २२ जुलैला दादरा मुक्त झाले, २ ऑगस्टला सिल्वासा. त्यात गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक होते, संघाचे स्वयंसेवक होते, आणि सीमेलगतच्या जंगलवाटा पायाखालच्या असणारे किसान सभेचे वारलीही होते. एरवी एका व्यासपीठावर न बसणारी ही मंडळी त्या पावसात एकाच दिशेने चालली. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो शिपायांसह खानवेलच्या रानात हटला आणि ११ ऑगस्टला उधव्याला त्याने शरणागती पत्करली.

मग हा डोंगराळ पट्टा थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोहोचला. दमणहून आपल्या गावांकडे जाण्याचा हक्क भारताने अडवला, असा दावा पोर्तुगालने १९५५ मध्ये लावला. पेशवेकालीन मराठी कागदांचा तिथे कीस पाडला गेला. मराठ्यांनी दिली ती सत्ता की नुसता महसूल? न्यायालयाने म्हटले, तहाने मिळाला तो महसूलच, पण पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगालची सत्ता मान्य झाली होती. १२ एप्रिल १९६० चा निकाल असा की नागरिक आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य आणि शस्त्रे नेण्याचा नव्हता, आणि भारताने कर्तव्यभंग केलेला नाही. १९६१ मध्ये तो प्रदेश भारतात विलीन झाला. दोन्ही देशांचे तुटलेले राजनैतिक संबंध मात्र पोर्तुगालमध्ये १९७४ ची क्रांती झाल्यावरच जुळले.

तोच काळ संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा. डहाणू-उंबरगाव कोणाचे, यावर मराठी आणि गुजराती पुढारी हमरीतुमरीवर आले होते. १९५७ मध्ये शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. १९६० मध्ये डहाणू महाराष्ट्रात राहिले, उंबरगाव तालुका मात्र दुभंगला. मोठा भाग गुजरातला गेला, उरलेल्या गावांतून पुढे तलासरी उभे राहिले. १९४५ साली एकत्र लढलेली गावे आता दोन राज्यांत होती.

पुढे तिसरी सीमा आडवी आली, हिमालयातली. चीनशी युद्ध झाले, कम्युनिस्टांच्या निष्ठेवर संशय घेतला गेला. परकी सत्ता हटवण्यासाठी ज्यांची संघटना धावली, तेच पती-पत्नी स्थानबद्ध झाले. ऑगस्ट १९६५ मध्ये स्थानबद्धतेतच शामरावांचे निधन झाले. गोदूताई खचल्या नाहीत. १९७० मध्ये त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ प्रसिद्ध झाले, १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

गेलेला मुलूख परत मिळाल्याचा आनंद खराच असतो, आणि गोदूताईंनाही तो परका नव्हता. पण झेंडा बदलला म्हणून सातबारा बदलत नाही, हे त्या जाणून होत्या. म्हणूनच १९५४ नंतरही, १९६० नंतरही, त्यांचे काम संपले नाही. आज तलासरीत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. ज्यांच्या आजोबांना अंगठा उठवण्यापलीकडे कागदाशी संबंध नव्हता, ती पोरे तिथे शिकतात. उद्या या मुलखाचे जुने कागद पुन्हा कुणी पुढे केले, तर ते वाचणारे आता वारल्यांच्याच घरात असतील.