जेसीबी हे कोणाचे नाव?

तुमच्या मोहल्ल्यात गटार खोदायचे असले किंवा रस्ता रुंद करायचा असला, की पिवळ्या रंगाचे एक यंत्र घरघरत येते. त्याच्या पुढे रुंद सूप असते आणि मागे कोपरातून वाकणारा एक लांब हात असतो. खेळ सोडून मुले त्याच्याभोवती गोळा होतात. मोठी माणसेही थांबतात, पण कामाला निघालो आहोत असे दाखवतात. या यंत्राला सगळे जेसीबी म्हणतात. यंत्र दुसऱ्या कंपनीचे असले तरी जेसीबीच म्हणतात. पण या तीन अक्षरांचा खोदण्याशी काही संबंध नाही. ती एका माणसाच्या नावाची पहिली अक्षरे आहेत.

त्या माणसाचे नाव जोसेफ सिरिल बॅमफर्ड. त्यांचा जन्म २१ जून १९१६ रोजी इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात युटॉक्सेटर या लहानशा गावी झाला. घराणे खाऊनपिऊन सुखी होते. शेतीची अवजारे बनवणारा बॅमफर्ड कुटुंबाचा कारखाना त्या भागात नावाजलेला होता. शाळा संपल्यावर जोसेफ कॉव्हेंट्री शहरातील एका मोठ्या यंत्र-कारखान्यात नोकरीला लागले. त्या कारखान्याच्या कामासाठी ते आफ्रिकेत, ज्याला आज घाना म्हणतात त्या देशातही राहून आले. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्यांना हवाई दलात जावे लागले. १९४१ मध्ये त्यांचे लग्न झाले. युद्धाच्या शेवटी विजेच्या वेल्डिंगची यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी काही काळ काम केले. तिथे मिळालेले वेल्डिंगचे हुन्नर त्यांना पुढे जन्मभर उपयोगी पडले.

युद्ध संपल्यावर ते घरच्या कारखान्यात आले. आता तुम्हाला वाटेल, घरचाच कारखाना, मग चिंता कसली? पण तिथे त्यांचे काकांशी जमले नाही. या मुलाच्या हातून काही होणार नाही, असे काकांचे मत पडले आणि जोसेफना बाहेर पडावे लागले. तेव्हा त्यांचे वय एकोणतीस होते. पत्नीला मूल होणार होते. गाठीला फारसे पैसे नव्हते.

त्यांनी युटॉक्सेटरमध्येच मोटार ठेवण्याची एक खोली भाड्याने घेतली. ती फक्त १२ फूट रुंद आणि १५ फूट लांब होती. तुमच्या वर्गापेक्षाही लहान. भाडे आठवड्याला तीस शिलिंग, म्हणजे दीड पौंड. वेल्डिंगचे जुने यंत्र त्यांनी एका पौंडाला विकत घेतले. २३ ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांनी धंदा सुरू केला आणि त्याच दिवशी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव अँथनी.

पण बनवायचे काय, आणि कशापासून? युद्धामुळे इंग्लंडमध्ये नवे लोखंड सहजासहजी मिळत नव्हते. भंगार मात्र भरपूर होते. बॉम्बपासून बचाव करण्यासाठी लोकांनी जे पोलादी निवारे उभारले होते, ते आता कोणाला नको होते. लष्कराच्या गाड्यांचे सुटे भागही स्वस्तात विकले जात होते. जोसेफनी त्या निवाऱ्यांचे पत्रे आणले, गाड्यांचे आस आणले, आणि ते जोडून शेतमाल वाहण्याचा एक ट्रेलर तयार केला. त्याची पेटी उचलून माल मागे ओतता येत असे. गावच्या बाजारात तो ४५ पौंडांना गेला. शिवाय गिऱ्हाइकाने आपली मोडकी गाडी बदल्यात दिली. जोसेफनी ती गाडी दुरुस्त करून विकली आणि लगेच दुसरा ट्रेलर बनवायला घेतला.

तुमच्यापैकी कोणाचे वडील किंवा चाचा गॅरेजमध्ये किंवा वेल्डिंगच्या दुकानात काम करीत असतील, तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगा. भंगारातून कामाची वस्तू करणारे कारागीर आपल्याकडे मालेगावात आहेत, भिवंडीत आहेत, सगळीकडे आहेत. (हुन्नर, कारागीर, मेहनत हे शब्द मराठीत आणि उर्दूत जवळजवळ सारखेच आहेत, हे तुमच्या लक्षात आले असेलच.)

काम वाढले तशी खोली अपुरी पडू लागली. म्हणून जोसेफ जवळच्या एका जुन्या वाड्याच्या तबेल्यात गेले. १९४८ साली त्यांच्याकडे एकूण सहा माणसे काम करीत होती. त्याच वर्षी त्यांनी द्रवाच्या दाबाने उचलला जाणारा ट्रेलर बनवला. युरोपात असा ट्रेलर आधी कोणी बनवला नव्हता.

द्रवाचा दाब म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण जेसीबीचा सगळा जीव त्यातच आहे. दोन सिरिंज घ्या, एक बारीक आणि एक जाड. दोन्हींत पाणी भरा आणि एका नळीने त्या जोडा. आता बारीक सिरिंजचा दट्ट्या दाबा. जाड सिरिंजचा दट्ट्या वर येईल. तो सरकेल थोडाच, पण त्याचा जोर मोठा असेल. यंत्रात पाण्याऐवजी तेल असते आणि इंजिनावर चालणारा पंप ते तेल दाबतो. चालक नुसता दांडा हलवतो, आणि दहा माणसांना न हलणारा दगड उचलला जातो.

१९४९ साली जोसेफनी हीच युक्ती ट्रॅक्टरला लावली. फोर्डसन मेजर नावाचा ट्रॅक्टर तेव्हा इंग्लंडच्या शेतांवर खूप चालत असे. त्याच्या पुढे बसवण्यासाठी त्यांनी दोन बाहूंचे सूप तयार केले. शेणखत भरणे, माती उचलणे, ही कंबर मोडणारी कामे त्यामुळे सोपी झाली. पुढच्या वर्षी ते रोसेस्टर या गावी चीज बनवण्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात गेले. तिथेच थोड्या दिवसांनी त्यांनी आपल्या यंत्रांना पिवळा रंग देण्यास सुरुवात केली.

१९५३ मध्ये ते नॉर्वे देशात गेले. तिथे ट्रॅक्टरच्या मागे बसवलेला एक खोदणारा हात त्यांनी पाहिला. असा हात अमेरिकेतही काही वर्षे आधी निघाला होता, तेव्हा ही कल्पना पहिल्यांदा त्यांनाच सुचली असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण पाहिलेली वस्तू घरी आणून तिच्यात आपली अक्कल घालणे, हे त्यांना छान जमत असे. पुढे सूप आणि मागे हात, असा एकच ट्रॅक्टर त्यांनी तयार केला.

यातली खरी गंमत वजनाची आहे. समोरचे सूप मातीने भरले, की ट्रॅक्टरचे नाक खाली जाते आणि मागची चाके हलकी होऊन घसरू लागतात. म्हणून मागे काहीतरी जड लागते. खोदणारा हात स्वतःच जड असतो, त्यामुळे तो रिकामा असतानाही उपयोगी पडतो! खोदताना मात्र यंत्र डुलू नये म्हणून मागच्या बाजूला दोन पाय जमिनीवर टेकवतात. इंग्लंड-अमेरिकेत काही हौशी लोक बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरला घरीच असे सूप आणि हात जोडतात. त्यांनाही याच गोष्टीचा हिशेब करावा लागतो. सांगाडा आणि पुढचा आस मजबूत केला नाही, तर पहिल्याच ढिगाऱ्यात ट्रॅक्टर मोडतो.

यंत्र तर झाले, पण नाव कोणते द्यायचे? बॅमफर्ड हे नाव घरच्या कारखान्याकडे आधीच होते. म्हणून जोसेफनी आपल्या नावाची तीन अक्षरे घेतली. १९५३ सालीच ती प्रथम यंत्रावर झळकली. काकांनी त्यांना काढले नसते, तर आज आपण या यंत्राला काय म्हटले असते कोण जाणे. काकांच्या बाजूचा तो जुना कारखाना १९८० च्या दशकात बंद पडला.

जोसेफ दारू पीत नसत आणि सिगारेट ओढत नसत. कर्ज काढणेही त्यांना आवडत नसे. मिळालेला नफा ते कारखान्यातच घालत. कामगारांकडून ते काम कसून घेत, पण १९६४ साली एका ट्रेलरवर उभे राहून त्यांनी याच कामगारांना अडीच लाख पौंड बक्षीस म्हणून वाटले. मला त्यांची किटलीची गोष्ट जास्त आवडते. थंडीत दिवसभर खोदणाऱ्या चालकाला गरम चहा मिळावा म्हणून एका नव्या यंत्रात त्यांनी विजेची किटली लावण्याची सोय केली, आणि पहिल्या शंभर गिऱ्हाइकांना स्वतः जाऊन किटली दिली. यंत्र मालक विकत घेतो, पण त्यात बसतो चालक, हे त्यांनी ओळखले होते.

भारतात ही यंत्रे १९७९ पासून दिल्लीजवळ बल्लभगड येथे तयार होऊ लागली. पुढे आपल्या पुण्याजवळ तळेगाव येथेही कारखाना निघाला. विहिरी, रस्ते, धरणाचे कालवे यांचे काम त्यामुळे झपाट्याने होऊ लागले. पण फावडे आणि घमेले घेऊन हेच काम करणारी हजारो माणसे आपल्या महाराष्ट्रात होती. त्यांत वडार समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या माती खोदत आणि दगड फोडत आले होते. त्यांच्यापैकी काहीजण यंत्राचे चालक झाले, कोणी मालकही झाले. पुष्कळांचे काम मात्र गेले. जेसीबीची गोष्ट सांगताना ही बाजू सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

१९७५ साली जोसेफनी कारखाना अँथनीच्या स्वाधीन केला. धंदा सुरू झाला त्या दिवशी जन्मलेला मुलगा आता तीस वर्षांचा होता. जोसेफ स्वित्झर्लंडमध्ये राहायला गेले आणि तिथे बोटींचे आराखडे काढण्यात रमले. १ मार्च २००१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते आणि त्यांच्या नावाची तीन अक्षरे इंग्रजी शब्दकोशात खोदण्याच्या यंत्राचे नाव म्हणून छापली गेली होती.