मादाम मेनका

मुलामुलींनो, लग्नाच्या वरातीत ताशा कडाडला की तुमची पावले थिरकू लागतात ना? कोणी शिकवलेले नसते, तरी पाय आपोआप ठेका धरतात. पण नृत्य ही कला म्हणून शिकायची, तर त्यासाठी वर्षानुवर्षे कष्ट करावे लागतात. आणि एक काळ असा होता, की एवढे कष्ट करूनही नर्तकीच्या वाट्याला मान येत नसे. त्या काळात एका सुशिक्षित स्त्रीने सुखाची वाट सोडून नृत्याची वाट धरली. तिचे नाव लीला रॉय. जग तिला मादाम मेनका या नावाने ओळखते.

नृत्यकला आपल्या देशात फार जुनी आहे. तिची साक्ष पाहायला तुम्हांला लांब जावे लागणार नाही. भडगावहून सकाळी लवकर निघालात, तर अजिंठ्याची लेणी पाहून रात्रीपर्यंत घरी परत येता येते. तेथील पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाचे चित्र आहे. त्या चित्रात एक नर्तकी नाचत आहे. तिच्याभोवती साथ करणाऱ्या स्त्रिया आहेत. कोणी बासरी वाजवते, कोणी ताल धरते. हे चित्र सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे आहे. म्हणजे तेव्हाही नृत्य होते, वाद्ये होती आणि ते सारे भिंतीवर रंगवून ठेवावे, असे चित्रकाराला वाटत होते.

मेनका यांनी ज्या नृत्याला आपले आयुष्य दिले, त्याचे नाव कथक. कथा सांगणारा तो कथक. उत्तर भारतात काही लोक देवळांत आणि गावोगावी अभिनय करून, गाऊन, नाचून कथा सांगत. पुढे हे नृत्य राजदरबारांत गेले. लखनौचे नवाब वाजिद अली शाह हे या कलेचे मोठे चाहते होते. त्यांच्या काळात कथकला फार मोठा आश्रय मिळाला. लखनौच्या बिंदादीन महाराज आणि कालकाप्रसाद या भावांनी या नृत्याला सुंदर रूप दिले. म्हणून कथकमध्ये दोन्हीकडचे शब्द एकत्र नांदतात. भाव, ताल, लय हे शब्द त्यात आहेत. तसेच आमद, सलामी, नजाकत, अदा हेही शब्द आहेत. आमद म्हणजे काय आणि सलामी म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. ते तुमच्या घरातलेच शब्द आहेत.

१८५६ साली इंग्रजांनी वाजिद अली शाह यांचे राज्य घेतले. दरबार गेला आणि कलावंतांचा आधारही गेला. पुढे इंग्रज मिशनरी आणि आपल्याकडचे शिकलेले लोक नाचाला नावे ठेवू लागले. नाचणाऱ्या स्त्रियांना घरी बोलावू नये, त्यांचा नाच पाहू नये, अशी मोहीम सुरू झाली. ज्या स्त्रियांनी आणि ज्या उस्तादांनी पिढ्यान्‌पिढ्या ही कला जिवंत ठेवली होती, त्यांचीच समाजात मान खाली गेली. चांगल्या घरातल्या मुलीने नाचायचे नाही, असे सगळे समजू लागले.

अशा काळात, १८९९ साली, बंगालमधील बारिसाल या गावी लीला यांचा जन्म झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. त्यांचे वडील प्यारेलाल रॉय हे बॅरिस्टर होते. आई इंग्रज होती. घरी कशाचीच कमतरता नव्हती. लीला शिक्षणासाठी इंग्लंडला गेली. तेथे ती व्हायोलिन शिकली आणि त्यात तिने चांगले प्रावीण्य मिळवले. तिने तीच वाट धरली असती, तर कोणीही तिला नावे ठेवली नसती.

पुढे साहिबसिंग सोखी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ते लष्करातील डॉक्टर आणि शास्त्रज्ञ होते. मुंबईच्या परळ भागात हाफकिन संस्था आहे. प्लेगसारख्या रोगांवर लस तयार करण्याचे मोठे काम या संस्थेत झाले. १९३२ साली सोखी हे या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. लीला आता मुंबईच्या झाल्या. मोठ्या अधिकाऱ्याची पत्नी म्हणून त्या आरामात राहू शकल्या असत्या. पण त्यांचे मन नृत्याकडे ओढ घेत होते. त्यांच्या पतीने त्यांना अडवले नाही, उलट साथ दिली. रशियाची जगप्रसिद्ध नर्तकी अॅना पावलोव्हा भारतात येऊन गेली होती. तिनेही लीला यांना प्रोत्साहन दिले.

बहुतेक नर्तक पाच-सहा वर्षांच्या वयात शिकायला सुरुवात करतात. लीला यांनी मात्र लग्नानंतर, मोठेपणी पायांत घुंगरे बांधली. पंडित सीताराम प्रसाद हे त्यांचे गुरू होते. कालकाप्रसाद यांचे पुत्र अच्छन महाराज आणि लच्छू महाराज यांच्याकडूनही त्या शिकल्या.

कथक शिकणे म्हणजे काय, ते थोडे समजून घ्या. तीनतालात १६ मात्रा असतात. पहिल्या मात्रेला सम म्हणतात. नर्तकाने कितीही वेगाने पावले टाकली, कितीही गिरक्या घेतल्या, तरी त्याला बरोबर समेवर येऊन थांबावे लागते. एक पाऊल चुकले, की सगळा डौल गेला. पायांतल्या शेकडो घुंगरांतून तबल्याचे बोल जसेच्या तसे ऐकू यावे लागतात. आणि पाय असे धावत असताना चेहरा शांत हवा, डोळ्यांत भाव हवा. हे एका दिवसात साधत नाही. त्यासाठी रोज तासन्‌तास रियाज करावा लागतो. मोठ्या वयात अंग सहज वळत नाही. तरी लीला यांनी हार मानली नाही. रंगमंचावर त्यांनी मेनका हे नाव घेतले. मेनका ही इंद्राच्या दरबारातील अप्सरा. मादाम हा फ्रेंच शब्द आहे. बाईंना मान देऊन हाक मारताना तो वापरतात.

पूर्वी कथक बहुधा मैफलीत होई. एकच कलावंत नाचे आणि थोडे जाणकार भोवती बसून पाहत. मेनका यांनी हे नृत्य मोठ्या रंगमंचावर आणले. एकाच्या जागी अनेक नर्तक आले. सगळ्यांची पावले एकाच वेळी समेवर पडू लागली. नृत्यातून एखादी संपूर्ण गोष्ट सांगितली जाऊ लागली. अशा प्रयोगाला नृत्यनाट्य म्हणतात. कृष्णलीला, देवविजय आणि मालविकाग्निमित्र ही त्यांची गाजलेली नृत्यनाट्ये. मालविकाग्निमित्र हे मूळचे कालिदासाचे नाटक. त्यात दोन नृत्यगुरूंचा वाद होतो आणि मालविका राजापुढे नृत्य करून दाखवते.

मेनका यांच्या संघात निरनिराळ्या प्रांतांचे आणि धर्मांचे कलावंत होते. लखनौचे सरोदवादक उस्ताद सखावत हुसेन खाँ होते. रामनारायण मिश्र आणि गौरीशंकर हे नर्तक होते. मराठी मुलीही होत्या. एकाने सूर धरावा, दुसऱ्याने ताल द्यावा आणि तिसऱ्याने त्यावर पाऊल टाकावे, असे ते एकमेकांवर अवलंबून होते. कोणी कोणाला कमी लेखले असते, तर समच चुकली असती.

१९३६ ते १९३८ या काळात हा संघ युरोपभर फिरला. गावोगावी जाऊन त्यांनी साडेसातशेहून अधिक प्रयोग केले. हिशेब करून पाहा, म्हणजे हे कष्ट केवढे होते ते कळेल. आज एका गावी प्रयोग, उद्या रेल्वेने दुसऱ्या गावी. थंडी कडाक्याची, भाषा परकी, जेवण परके. तरी संध्याकाळी पडदा वर गेला, की घुंगरे वाजलीच पाहिजेत.

१९३६ साली जर्मनीतील बर्लिन शहरात ऑलिंपिक सामने भरले. ध्यानचंद यांच्या भारतीय हॉकी संघाने त्या वेळी अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवले, हे तुम्ही ऐकले असेल. त्याच्या थोडे आधी, जुलै महिन्यात, बर्लिनमध्येच आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा झाली होती. तेथे मेनका यांच्या संघाचा गौरव झाला. तेव्हा जर्मनीत हिटलरची सत्ता होती. वंशावरून माणसाला उच्च आणि नीच ठरवणारी ती राजवट होती. आपला देशही पारतंत्र्यात होता. अशा वेळी त्या शहरात भारताच्या कलावंतांसाठी टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्या कलेला आपल्याच देशात लोक नावे ठेवत होते, तिला परदेशात मान मिळाला.

युरोपातून परत आल्यावर मेनका यांनी खंडाळ्याला नृत्यालयम् नावाची शाळा चालवली. तुम्ही पाचोऱ्याला रेल्वेत बसून मुंबईला गेलात आणि तेथून पुण्याची गाडी धरलीत, तर घाट चढल्यावर खंडाळा लागते. डोंगर, दाट झाडी आणि पावसाळ्यात धबधबे, अशी ती जागा आहे. तेथे मुले-मुली गुरूंच्या सहवासात राहून शिकत. कथकबरोबरच केरळचे कथकली आणि मणिपूरचे मणिपुरी नृत्यही तेथे शिकवले जाई. मणिपुरीसाठी गुरू बिपिन सिंग यांना मेनका यांनी बोलावून घेतले होते. शिरीन वजिफदार ही पारशी मुलगी याच शाळेत शिकली आणि पुढे नामवंत नर्तकी झाली.

त्यांची सर्वांत लाडकी शिष्या मात्र दमयंती जोशी. दमयंती ही मुंबईची मराठी मुलगी. १९२८ साली जन्मलेली. तिची आई वत्सला जोशी.  त्यांना ही चुणचुणीत मुलगी फार आवडली. तिला दत्तक घ्यावे, असे त्यांना वाटले. आईने मुलीला कायमचे देऊन टाकले नाही. पण तिची कला अडवूनही धरली नाही. दोघींनी मिळून दमयंतीला वाढवले. आठ-दहा वर्षांची ही मुलगी मेनका यांच्याबरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेली. पुढे ती देशातील श्रेष्ठ कथक नर्तकींपैकी एक झाली. दमयंती जोशी यांना १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मश्री मिळाली. १९८९ साली त्यांनी आपल्या गुरूंवर पुस्तक लिहिले. २००४ साली त्यांचे निधन झाले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परदेशचे दौरे थांबले. मेनका यांची प्रकृतीही खालावत गेली. १९४७ साली, स्वातंत्र्याला थोडेच महिने उरले असताना, त्यांनी जगाचा निरोप घेतला. तेव्हा त्या पन्नाशीच्याही नव्हत्या. खंडाळ्याची शाळा फार वर्षे चालली नाही. पण त्यांनी तयार केलेल्या शिष्यांनी पुढच्या मुलींना शिकवले. आज एखादी मुलगी रंगमंचावर कथक करते, तेव्हा तिचे आईवडील पहिल्या रांगेत बसून अभिमानाने पाहतात. हा मान फुकट मिळालेला नाही.

मुलामुलींनो, आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मेनका यांना ही कला ज्यांच्याकडून मिळाली, ते गुरू, ते उस्ताद आणि मैफलीत नाचणाऱ्या त्या जुन्या काळच्या अनाम स्त्रिया यांनी वाईट दिवसांतही ती सोडली नव्हती. त्यांना मान मिळाला नाही, तरी त्यांनी ताल चुकू दिला नाही. मेनका यांनी ती कला त्यांच्याकडून आदराने घेतली, तिच्यासाठी घाम गाळला आणि ती जगापुढे मांडली. पुढे तुम्ही कोणाचे नृत्य पाहाल, तेव्हा नुसती झगमग पाहू नका. पावलांकडे पाहा. साथ करणाऱ्यांकडेही पाहा. समेवर पाऊल पडले, की मनापासून दाद द्या.

शब्दार्थ

ठेका धरणे – तालावर पाय किंवा हात हलवणे. आश्रय – आधार. प्रावीण्य – कौशल्य. डौल – ऐट, सौंदर्य. पारतंत्र्य – गुलामी. चुणचुणीत – हुशार व चपळ. अनाम – ज्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत असे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मादाम मेनका यांचे मूळ नाव काय होते?
(आ) तीनतालात किती मात्रा असतात?
(इ) मेनका यांनी नृत्याची शाळा कोठे चालवली?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वाजिद अली शाह यांचे राज्य गेल्यावर कलावंतांची स्थिती कशी झाली?
(आ) मेनका यांनी कथक नृत्यात कोणता बदल केला?
(इ) दमयंतीच्या आईने काय केले? ते तुम्हांला योग्य वाटते का?

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
नावे ठेवणे, हार न मानणे, दाद देणे.

उपक्रम : उर्दूत आणि मराठीत सारख्याच अर्थाने वापरले जाणारे दहा शब्द शोधा व वहीत लिहा.