शाळामास्तर ओहम आणि त्यांचं चुकलेलं पहिलं सूत्र

'व्ही बरोबर आय आर' आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलंय. पण हे सूत्र ज्यांच्या नावावर आहे, त्या जॉर्ज ओहम यांचं पहिलं सूत्र चक्क चुकलं होतं. इंजिनिअरिंगची डिग्री घेऊनही मला हे माहीत नव्हतं!

ओहम यांचा जन्म १७८९ चा, जर्मनीतल्या एर्लांगेनचा. वडील कुलपं बनवणारे कारागीर. १८१७ पासून ओहम कोलोनच्या एका शाळेत गणित आणि फिजिक्स शिकवायचे आणि तिथल्याच लॅबमध्ये प्रयोग करायचे.

१८२५ मध्ये त्यांनी तारेची लांबी आणि करंट यांचं नातं सांगणारं एक सूत्र छापलं, लॉगरिदमवालं. ते चूक निघालं. कारण त्या काळची बॅटरी वापरता वापरताच उतरायची आणि रीडिंग हलायचं. म्हणजे आपल्या भाषेत, बग कोडमध्ये नव्हता, पॉवर सप्लायमध्ये होता. मग पोगेनडॉर्फ या संपादकांनी थर्मोकपल वापरायला सुचवलं. बिस्मथ आणि तांब्याचा एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमानं ठरलेली, त्यामुळे व्होल्टेज स्थिर. आता कमी-जास्त लांबीच्या तारा जोडल्या आणि आकडे जुळले. १८२६ मध्ये त्यांनी स्वतःचंच सूत्र दुरुस्त करून छापलं.

हे सूत्र समांतर जोडणीत लावून बघा. १२ व्होल्टच्या बॅटरीला ४ आणि ६ ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडले, तर दोघांनाही पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. पहिल्यातून १२ भागिले ४, म्हणजे ३ अँपिअर, दुसऱ्यातून २. बॅटरीतून एकूण ५. म्हणजे एकूण रोध १२ भागिले ५, फक्त २.४ ओहम, दोघांपेक्षाही कमी! वाट वाढली की करंटला सोपंच जातं ना. (ही ३ अधिक २ ची बेरीज नियम म्हणून मांडली किरखॉफ यांनी, १८४५ मध्ये, तेही विद्यार्थी असताना.)

१८२७ मध्ये ओहम यांचं पुस्तक आलं. त्यावर विद्यापीठात जागा मिळेल अशी त्यांना आशा होती. स्वागत थंड झालं आणि त्यांनी कोलोनची नोकरीही सोडली. पुढची काही वर्षं बर्लिनमध्ये किरकोळ शिकवण्यावर निघाली. १८३३ मध्ये न्युरेम्बर्गला बरी नोकरी लागली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिलं. म्युनिकला पूर्णवेळ प्राध्यापकपद मिळालं ते थेट १८५२ मध्ये. दोनच वर्षांनी, १८५४ मध्ये, ते वारले.