समुद्राचा हिशेब मांडणारे रेडफिल्ड

आल्फ्रेड रेडफिल्ड यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८९० रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला. पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. समुद्री प्राण्यांच्या रक्ताचा त्यांनी बरीच वर्षे अभ्यास केला. रक्त तपासणारा माणूस समुद्राचे पाणी तपासू लागला, हे नवलच! १९३० साली वुड्स होल या किनाऱ्यावरील गावात समुद्रविज्ञान संस्था निघाली आणि रेडफिल्ड तेथे काम करू लागले.

संस्थेकडे ‘अटलांटिस’ नावाचे शिडाचे जहाज होते. अशा जहाजांवरून तारेला बांधलेल्या धातूच्या बाटल्या खोल पाण्यात सोडत. मग तारेवरून एक वजन खाली सोडत. ते आपटले की बाटली उलटून बंद होई आणि त्या खोलीवरचे पाणी आत अडके. हे पाणी लवकर तपासावे लागे. ठेवून दिले तर त्यातील सूक्ष्म जीवांमुळे क्षारांचे प्रमाण बदले.

मुलांनो, पिकाला जसे खत लागते, तसे समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींनाही नायट्रोजन व फॉस्फरस यांचे क्षार लागतात. नायट्रेट आणि फॉस्फेट हे असे क्षार होत. ते पाण्यात विरघळलेले असतात, पण अगदी थोडे. फॉस्फेट मोजण्यासाठी पाण्यात रसायने घालत. पाणी निळे होई. रंग जितका गडद, तितके फॉस्फेट जास्त. हा रंग डोळ्यांनीच ताडून पाहायचा!

रेडफिल्ड यांनी निरनिराळ्या समुद्रांचे आकडे एकत्र केले. खोल पाण्यात नायट्रोजन व फॉस्फरस यांचे प्रमाण सगळीकडे जवळजवळ सारखेच निघाले. सूक्ष्म जीवांच्या शरीरातही तेच प्रमाण होते! हे जीव मरून खाली जातात, कुजतात आणि त्यांच्यातील क्षार पुन्हा पाण्यात मिसळतात. १९३४ साली त्यांनी हे प्रमाण सुमारे २० ला १ असे मांडले.

पण पाण्यातील मिठामुळे निळा रंग फिका पडत असे. त्यामुळे फॉस्फेट कमी भरे. १९३८ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञ कूपर यांनी ही चूक दाखवून दिली. रेडफिल्ड जुन्या आकड्याला चिकटून बसले नाहीत. १९५८ साली त्यांनी १६ ला १ हे प्रमाण धरून सारा विचार नव्याने मांडला. त्याला ‘रेडफिल्ड प्रमाण’ म्हणतात.

१९८३ साली, वयाच्या ९२ व्या वर्षी ते वारले.

आपल्या अरबी समुद्राच्या मधल्या थरात मात्र नायट्रेट या प्रमाणापेक्षा कमी आढळते. तेथे ऑक्सिजन फारच थोडा असल्याने जिवाणू नायट्रेट वापरून टाकतात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी किती नायट्रेट नाहीसे झाले, हे रेडफिल्ड यांच्याच प्रमाणाच्या आधारे मोजले आहे.