एकहाती रसायनशास्त्रज्ञ : जेम्स समनर

अबईची शेंग आमच्या बहुतेक वाचकांस परिचित आहे. हिच्याच कुळांतील एका अमेरिकन शेंगेच्या बियांनीं एका अपंग तरुणास अक्षय्य कीर्ति मिळवून दिली. त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जेम्स समनर यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८८७ रोजीं अमेरिकेंतील कँटन या गांवीं झाला. वयाच्या सतराव्या वर्षीं ते शिकारीस गेले असतां सोबत्याची गोळी चुकून त्यांच्या डाव्या हातास लागली व तो हात कापावा लागला. ते मूळचे डावखुरे! तथापि खचून न जातां त्यांनीं सर्व कामें उजव्या हातानें करण्याचा अभ्यास केला. टेनिसही ते खेळूं लागले. पुढें हार्वर्ड येथें अध्यापक फोलिन यांनीं, एका हातानें रसायनशास्त्र साधणार नाहीं, कायदा शिकावा, असा त्यांस सल्ला दिला. समनर यांनीं तो मानला नाहीं. १९१४ सालीं त्याच अध्यापकांच्या हाताखालीं त्यांनीं डॉक्टरची पदवी संपादन केली व ते कॉर्नेल विद्यापीठांत शिकवूं लागले.

सजीवांच्या शरीरांत रासायनिक क्रिया घडवून आणणारीं, पण स्वतः खर्च न होणारीं जीं द्रव्यें, त्यांस विकरें म्हणतात. तीं मूळ कशाचीं बनलेलीं असतात, हें त्या काळीं कोणासच नक्की ठाऊक नव्हतें. युरियाचें विघटन करणारें युरिएज नांवाचें विकर त्या बियांतून शुद्ध रूपांत काढण्याचा उद्योग समनर यांनीं १९१७ मध्यें आरंभिला. नऊ वर्षें अपयशच पदरीं आलें. अखेर १९२६ सालीं त्याचे स्फटिक हातीं लागले व विकर हें प्रथिन होय असें त्यांनीं प्रतिपादिलें. जर्मनींतील थोर पंडितांनीं तें खोटें मानलें. परंतु नॉर्थ्रॉप यांनीं १९३० मध्यें पेप्सिनचे स्फटिक मिळविले आणि समनर यांचा पक्ष सिद्ध झाला. १९४६ सालचें नोबेल पारितोषिक समनर, नॉर्थ्रॉप व स्टॅन्ली या तिघांस मिळालें. १२ ऑगस्ट १९५५ रोजीं समनर निवर्तले.

त्या कार्याचा आम्हां गोदातीरवासीयांस काय उपयोग, असें कोणी विचारील. पाण्यांत विरघळलेलें विकर प्रवाहाबरोबर वाहून जातें. तेंच एखाद्या घन पदार्थास जखडलें, तर पुनःपुन्हा कामास येतें. १९१६ सालींच नेल्सन व ग्रिफिन यांनीं कोळशावर बसलेलें विकर आपलें काम करीत राहतें, असें दाखविलें होतें. आतां शास्त्रज्ञ उसाचें चिपाड, नारळाची करवंटी, कोळंबीच्या कवचांतील द्रव्य यांवर रासायनिक संस्कार करून त्यांवर विकरें बसवितात व सांडपाण्यांतील रंग आणि फिनॉलसारखीं विषारी द्रव्यें नाहींशीं करूं पाहतात. हें कार्य बव्हंशीं अद्याप प्रयोगशाळेंतच आहे. खर्च व टिकाऊपणा हे प्रश्न सुटावयाचे आहेत.

ज्या चिपाडाचे ढीग कोपरगांवच्या परिसरांत आपण नित्य पाहतों, तेंच उद्यां आपल्या नदीच्या शुद्धीस साह्य करील काय? तें आमच्या विद्यार्थ्यांच्या चिकाटीवर अवलंबून आहे. परमेश्वरानें आपणांस दोन हात दिले आहेत. एका हातानें काय साधतें, हें समनर यांनीं दाखवून दिलेंच आहे.